वळसा

सकाळी सहाला भिंतीतला प्लग उपसतो.
इथे रात्रभर इंजिनाला ऊब पाजावी लागते,
नाहीतर सकाळी त्याचा धोंडा झालेला असतो.
आज किती, ते रेडिओच्या आधी
लोर्न सांगतो, पायरीवर एक पाय ठेवून:
"उणे एकतीस. वारा धरला तर बेचाळीस."
कधी चुकत नाही.
स्वतःचं वय विचारलं तर म्हणतो, बघून सांगतो.

मग मायर्ना. ती सगळ्यांचे पट्टे तपासते,
माझासुद्धा.
खटका ऐकू आल्याशिवाय गाडी हलायची नाही.
मग ड्वेन. तो बोलत नाही,
पण वळण यायच्या आधी खांद्यावर बोट टेकवतो,
डावं वळण, डावा खांदा.
एकवीस वर्षं मी गव्हाचे ट्रक हाकले या सपाट मुलखात,
असा सोबती मिळाला नाही.

आणि ऑरेस्ट. वय त्रेपन्न.
हातमोजे दोरीने गळ्यात बांधलेले,
दोरी आईने विणलेली.
बाटल्यांच्या डेपोत हिरवी काच त्याची.
तपकिरी दुसऱ्या कुणाची, डबे तिसऱ्याचे,
हिरवीला मात्र कोणी हात लावायचा नाही.
शंभर भरल्या की तो टाळी वाजवतो, एकच,
आणि पोतं उलटं करणारे शेतकरी
बोलता बोलता थांबतात.

गुरुवारी बोलिंग.
उतरत्या फळीवरून ऑरेस्ट चेंडू सोडतो
आणि पाठ फिरवून खुर्चीत येऊन बसतो.
चेंडू इतका निवांत जातो
की मध्ये कॉफी आणता येते.

त्याची आई, स्टेफानिया होलोवाटी,
चौथ्या रस्त्यावरच्या खिडकीतून
भांडी पुसायचं फडकं हलवायची.
गाडी कोपऱ्याआड जाईपर्यंत. रोज.
मागच्या वर्षी बटाटे काढायच्या दिवसांत ती गेली.
घर विकलं. ऑरेस्टला खोली मिळाली
रुळांपलीकडच्या घरात, आणखी तिघांसोबत.
खोली चांगली आहे. खिडकी मागच्या अंगणात उघडते.

पहिल्या सोमवारी मी चौथा रस्ता सोडून
सरळ पुढे निघालो. कागदावर तसाच मार्ग होता.
ऑरेस्ट काही बोलला नाही.
त्याने पट्टा काढला.
"पट्टा!" मायर्ना किंचाळली, "पट्टा, पट्टा!"
मी भर रस्त्यात थांबलो. मागे दूधवाला भोंगा वाजवत राहिला.
ड्वेनचं बोट
केव्हाचं माझ्या डाव्या खांद्यावर होतं.

वळलो.
खिडकीला नवा पडदा. बर्फात आडवी पडलेली
कुणाची तरी लहान सायकल.
ऑरेस्टने हात वर केला, मोजा दोरीवर झुलला.
मग पट्टा लावला.
खटका.
"चला," मायर्ना म्हणाली.

तेव्हापासून रोज चार मिनिटं जास्त.
आता सगळेच हात वर करतात,
लोर्न तर दोन्ही.
मार्चमध्ये एकदा ती नवी बाई
सपाता घालून कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली
आणि गाडीभर हात बघून
तिने मागे वळून पाहिलं, कोण उभं आहे म्हणून.
"ती नाही," ऑरेस्ट म्हणाला, अगदी स्पष्ट.
हात खाली घेतला नाही.
बाईने मग पिशवीच थोडी उचलली.

ऑफिसला दर शुक्रवारी तक्ता द्यावा लागतो.
"मार्ग बदलल्यास कारण."
रकाना बोटभर रुंद.
"खिडकी" लिहिलं, खोडलं.
"आई" लिहावं तर
ती माझ्या प्रवाशांच्या यादीत कधीच नव्हती.
शेवटी लिहिलं, "बर्फ."

एप्रिलमध्ये बर्फ. मे महिन्यात बर्फ.
आता ऑगस्ट, दोन्ही बाजूंना गहू पिवळा,
गाडीच्या काचा खाली, मायर्नाच्या मानेवर घाम,
आणि मी मनगट न अडखळता लिहितो, बर्फ.

काल तक्ता परत आला.
खाली ऑफिसातल्या बाईंनी
निळ्या पेनने विचारलं होतं:
"किती इंच?"